गाव फडाच्या दारात

तमाशावर लिहिणाऱ्यांनी लावणी पाहिली, शाहीर पाहिले, विठाबाईंचे हाल पाहिले. पण आज खेड तालुक्यात उभा राहिलेला फड उद्या पारनेरला आणि परवा संगमनेरला कसा जातो, ते कुठे बसून ठरतं, बोली कोण करतं, कागदावर कोण उतरवतं, याकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं. कलेचा निम्मा संसार तिथेच असतो. उद्याची सुपारी हातात नसेल तर ढोलकी कितीही घुमली तरी फडातल्या माणसांची चूल पेटत नाही.

हे ठरतं नारायणगावात. पुणे जिल्हा, जुन्नर तालुका, पुणे–नाशिक रस्त्यावरचं टोमॅटोचं आणि द्राक्षांचं गाव. लोक त्याला तमाशापंढरी म्हणतात. फाल्गुन उतरायला लागला की एस.टी. स्टँडच्या आसपास राहुट्या पडतात. एका फडाची एक राहुटी. बांबू, पत्रे, ताडपत्री, आत एक टेबल, चार खुर्च्या, मागच्या बाजूला गादी, आणि दर्शनी बाजूला फडाच्या नावाचा माणसापेक्षा उंच फलक. पंचवीस-तीस फड असे ओळीनं बसतात. पुणे, नगर, नाशिक, ठाणे आणि त्यापलीकडच्या गावांच्या यात्रा कमिट्या जीप भरभरून येतात. गुढीपाडव्याच्या दिवशी तर पाय ठेवायला जागा नसते. चैत्र आणि वैशाख हे दोन महिने गावोगावच्या जत्रांचे, आणि त्या दोन महिन्यांतली प्रत्येक रात्र इथे, या पत्र्याखाली, कुणाच्या ना कुणाच्या नावावर चढते. दक्षिणेकडच्या फडांच्या अशाच राहुट्या सांगली जिल्ह्यात विट्याला पडतात. पण मी पाहिलं ते नारायणगाव.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. मीना नदीच्या खोऱ्यात आमचं गाव. यात्रा कमिटी सुपारी द्यायला निघाली की मला हमखास जीपमध्ये बसवायची, कारण करार वाचून सांगायला कुणीतरी लागायचं. कमिटीतले बाकीचे कांद्याचे, बैलांचे आणि कुस्त्यांचे जाणकार होते, पण कागदावरच्या बारीक अक्षरांशी त्यांचं जमत नसे. त्यामुळे ऐन उमेदीत सुरू झालेलं हे काम निवृत्तीनंतरही माझ्याकडेच राहिलं.

राहुटीत शिरल्यावर पहिली गोष्ट दिसते ती तिथीची वही. इंग्रजी तारखेला तिथे दुय्यम मान. गावाची जत्रा तिथीवर असते, म्हणून मॅनेजरच्या वहीत डाव्या हाताला चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून तिथ्या लिहिलेल्या, मध्ये तारीख आणि वार, उजवीकडे गावाचं नाव, तालुका, इसाराची रक्कम. शेजारी पंचांग. क्षय तिथी आली, दोन तिथ्या एका दिवसात गेल्या, की गावात ग्रामजोशी काय सांगतो आणि वहीत काय लिहिलंय याचा मेळ घालायला मॅनेजरला अर्धा तास लागतो. तो घालावाच लागतो, कारण ट्रक एका रात्री एकाच गावात जाऊ शकतो.

आमच्या भागात बहुतेक गावांचा देव भैरवनाथ, आणि त्याची यात्रा पुष्कळ ठिकाणी चैत्र वद्य अष्टमीला. चैत्री पौर्णिमेलाही तशीच गर्दी. एका रात्रीला दहा गावं भांडतात, तिच्या पुढची-मागची रात्र मोकळी पडते. या एका गोष्टीवर सगळ्या बाजाराचा भाव चढतो-उतरतो. आमची कमिटी दरवर्षी अष्टमीच मागायची.

"अष्टमी गेली, अण्णा. पाडव्याच्या आधीच गेली. नवमी घ्या, नवमीला फड मोकळा आहे."

"नवमीला देव देव्हाऱ्यात जातो. मोकळ्या पालखीपुढं काय नाचवायचं?"

"मग हजेरी अष्टमीला दुसऱ्या फडाची लावा, आणि रात्र आमची नवमीची ठेवा."

असं तासभर चालायचं. मध्ये चहा यायचा. कमिटीतला एखादा उठून शेजारच्या राहुटीत भाव काढून यायचा आणि परत येऊन कानात सांगायचा. मॅनेजरला ते दिसायचं, तो काही बोलायचा नाही. त्यालाही ठाऊक असायचं की कांद्याचा भाव बरा असलेल्या वर्षी गावाची वर्गणी मोठी असते आणि पडलेला असला की हात आखडता येतो. १९७२ च्या दुष्काळाबद्दल जुने मॅनेजर बोलायचे ते याच अंगानं. २०१२–१३ च्या आणि त्यानंतरच्या २०१५–१६ च्या दुष्काळात मी स्वतः पाहिलं, गावं राहुट्यांमधून नुसती विचारपूस करून परत जात होती. देवाची पालखी निघाली, नारळ फुटला, तमाशा मात्र पुढच्या वर्षावर गेला.

मला या बाजाराचं मोल वाटतं ते एका कारणानं. इथे गाव फडाच्या दारात येतं. पाटील, सरपंच, सोसायटीचा चेअरमन, सगळे चपला बाहेर काढून आत येतात आणि "आम्हाला रात्र द्या" म्हणतात. तमाशाच्या दोन-अडीचशे वर्षांत बराच काळ हे उलटं होतं.

उत्तर पेशवाईत लावणीला आणि तमाशाला दरबाराचा आसरा होता. सोलापूरचे राम जोशी, संगमनेरचे अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर, परशराम अशी ती पिढी. त्यात ब्राह्मण होते, गवळी होते, सगनभाऊंसारखे मुसलमान शिकलगार होते. म्हणजे हा मेळा पहिल्यापासून अठरापगड. पण पैसा यायचा तो बिदागी म्हणून, खुशी म्हणून. देणारा खूश झाला तर शेला-पागोटं, नाही झाला तर रिकाम्या हातानं परत. १८१८ ला पेशवाई गेली आणि तो आसराही गेला. फड खेड्यांत पसरले आणि मुख्यतः महार, मांग आणि कोल्हाटी या जातींच्या माणसांनी ते जगवले. सांगलीकडच्या सावळजचे उमाजी मांग, ज्यांना उमा-बाबू या जोडीमुळे लोक ओळखतात, त्यांनी १८६५ च्या सुमारास उभा केलेला 'मोहना बटाव' हा पहिला वग मानतात. गण, गौळण, बतावणी यांच्या पुढे सलग कथा रंगवायची रीत तिथून रुळली. आज करारात "वग कोणता" असा रकाना असतो, तो रकाना त्या माणसानं दिलेला आहे असं मला नेहमी वाटतं.

गावानं मात्र या कलावंतांना कुठे बसवलं? वेशीबाहेर. रात्री त्यांच्या सोंगाड्यावर खदाखदा हसणारं गाव सकाळी त्यांना पाणी वरून ओतायचं. नाचणारीवर दौलतजादा व्हायची, पण तिला घराच्या ओट्यावर टेकायची मुभा नव्हती. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, १८६६ साली जन्मलेले, कुलकर्णीपण सोडून फडात शिरले आणि हिवरगावच्या पवळाबाईंबरोबर बोर्डावर उभे राहिले, तेव्हा त्यांच्या जातीनं त्यांना टाकलं. पवळाबाई महार समाजातल्या. तमाशाच्या बोर्डावर नाव कमावलेल्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. त्याआधी बाईचं काम नाच्या पोरगाच करायचा. या दोघांबद्दल एक गोष्ट तमाशाच्या इतिहासात नेहमी सांगतात: महाडच्या सत्याग्रहासाठी आपल्या खेळांचं उत्पन्न द्यायला बापूराव बाबासाहेबांकडे गेले आणि बाबासाहेबांनी ते घेतलं नाही, कारण तो पैसा आपल्याच समाजातल्या बाईला नाचवून आलेला. कला मोठी होती, यात शंका नाही. पण तिच्या कमाईवर मालकी कुणाची, ती बाई कोणत्या अटीवर नाचते, हा प्रश्न त्या नकारात होता, आणि तो अजून जुना झालेला नाही.

त्याच काळात मुंबईनं तमाशाला दुसरी वाट दिली. गिरण्यांमध्ये सातारा, सांगली, पुणे, कोकणातली माणसं आली, त्यांच्या मागोमाग फड आले. पिला हाऊसच्या बाजूची थिएटरं, पुढे लालबागचं हनुमान थिएटर. तिकीट काढून बसलेला गिरणी कामगार कुणाचा पाटील नव्हता. तिकीटबारीवर ना जात विचारत, ना नाचणारीला कुणापुढे वाकावं लागे. मग स्वातंत्र्याच्या आसपास बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना तमाशावर बंदी आली. अश्लीलतेचं कारण पुढे केलं गेलं. बंदी उठली ती संहिता आधी तपासून घ्यायच्या अटीवर. त्यानंतर फडांच्या फलकांवर 'लोकनाट्य' हा शब्द ठळक झाला. अण्णा भाऊ साठे आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी त्याला कामगाराच्या लढ्याचं तोंड दिलं. या सगळ्यावर चांगले ग्रंथ आहेत, मी त्यात अधिक घालत नाही. माझ्या विषयापुरतं एवढंच महत्त्वाचं की १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगावातला तो प्रेक्षक हळूहळू विखुरला. मुंबईचं दार अरुंद झालं तसा फडांचा भार जत्रांवर आला, आणि जत्रांचा भार नारायणगावच्या राहुट्यांवर.

नारायणगावच का, असं बाहेरचा माणूस विचारतो. रस्ता हे एक कारण. पुणे, नाशिक, नगर, कल्याण या चारी बाजूंना इथून गाडी सुटते. दुसरं कारण ग्रामदैवत. मुक्ताबाई आणि काळोबाची इथली यात्रा ओळीनं कित्येक रात्री चालते आणि रोज नवा फड बोर्डावर येतो. कमिट्यांना फड पाहायला आणि पारखायला याहून चांगली जागा नव्हती. पण खरं कारण माणसांचं. भाऊ-बापू मांग नारायणगावकर हा फड या गावातला. भाऊंची मुलगी विठाबाई, जन्म १९३५ चा.

विठाबाईंबद्दल सगळे एकच गोष्ट सांगतात. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, कळा आल्या, पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि प्रेक्षक थांबलेले म्हणून पुन्हा बोर्डावर आल्या. ही गोष्ट ऐकून लोक हळहळतात. मला मात्र ती ऐकताना गावाचा राग येतो. समोर बसलेल्या त्या गर्दीत बाळंतपणाला धावून जाणारी एक बाई नव्हती का? एक डॉक्टर, एक सुईण? गावानं फडाशी केलेल्या व्यवहारात या गोष्टीला जागाच नव्हती. १९९० साली विठाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला आणि २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या, शेवटची वर्षं हलाखीत काढून. त्यानंतर राज्य सरकारनं त्यांच्या नावानं तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

पण विठाबाईंची आणखी एक गोष्ट आहे, ती फार कुणी सांगत नाही. त्या नाचणाऱ्या होत्या तशा फडमालकीणही होत्या. फलकावर 'विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर' असं पूर्ण नाव असायचं. जात लपवायची, आडनाव बदलायचं, असा काळ होता. त्या काळात ते नाव हातभर अक्षरांत रस्त्याकडेला उभं असायचं आणि सवर्ण गावाची कमिटी त्या नावाखालून वाकून आत जायची. पुढे त्यांची मुलगी मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड चालवला. पती तुकाराम खेडकरांच्या निधनानंतर कांताबाई सातारकरांनी मुलगा रघुवीर याच्यासह फड उभा केला. मालती इनामदारांचा फड होता. ज्या काळात आमच्या तालुक्यात दुधाच्या सोसायटीवरसुद्धा बाई चेअरमन नव्हती, त्या काळात इथे बायका शंभर माणसांचा पगार, ट्रकांचं डिझेल आणि पुढच्या सहा महिन्यांचा हिशेब सांभाळत होत्या. दत्ता महाडिक पुणेकर, चंद्रकांत ढवळपुरीकर, काळू-बाळू कवलापूरकर, ही नावं फलकावर दिसली की आमच्या कमिटीतले म्हातारे हात जोडायचे. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. देवाला जोडतात तसे.

आता करार. फडाच्या नावाचं छापील पुस्तक असायचं, मध्ये कार्बन. एक प्रत गावाला, एक फडाला. वर तिथी-तारीख, गावाचं नाव, एकूण रक्कम, इसार आणि बाकी. बाकी रक्कम रात्रीचा खेळ सुरू होण्याआधी द्यायची, ही अट सगळ्यात वर, कारण खेळ संपल्यावर कमिटी सापडत नाही हे फडांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगलेलं. मग गावानं काय द्यायचं: अमुक फुटांचा बोर्ड, वीज, नसेल तर जनरेटर, सरपण, पाणी, शिधा किंवा तयार जेवण. फडानं काय द्यायचं: इतके कलाकार, वग कोणता, किती वाजता बोर्डावर यायचं, आणि दुसऱ्या दिवशीची हजेरी.

हजेरी शहरी वाचकाला सांगायला हवी. रात्रभर वग झाल्यावर फड पहाटे थकून पडतो आणि सकाळी नऊ-दहाला पुन्हा उभा राहतो. देवळाच्या पटांगणात, उन्हात, पुरत्या रंगभूषेशिवाय. दोन-तीन तासांचा तो खेळ म्हणजे हजेरी. ती संपली की त्याच पटांगणात कुस्त्यांचा आखाडा. रात्री लाजेकाजेस्तव गच्चीवरून किंवा भिंतीआडून पाहणाऱ्या बायका हजेरीला समोर येऊन बसायच्या. सोंगाड्या कमिटीतल्या माणसांची नावं घेऊन टोमणे मारायचा आणि वर्षभर मिशीला पीळ देणारा पाटील सगळ्यांदेखत हसत ऐकून घ्यायचा. हजेरी दुपारी संपली की भांडीकुंडी आवरून ट्रक पुढच्या गावाला. नाचणाऱ्या मुली ट्रकमध्ये पेटाऱ्यांना टेकून झोपायच्या. झोप म्हणायची ती तेवढीच.

मी करार वाचायचो पैशासाठी आणि वेळेसाठी, पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते 'राहण्याची सोय' या ओळीनं. ती ओळ नेहमी मोघम असायची. प्रत्यक्षात सोय म्हणजे शाळा. जत्रेच्या दिवशी फडाची गाडी आली की कमिटीचा पोरगा माझ्याकडे किल्ली मागायला यायचा. बाके एका भिंतीला सरकवून वर्गात सतरंज्या पसरायच्या. एका वर्गात बायका आणि पोरं, एका वर्गात पुरुष, व्हरांड्यात चूल. ढोलकीवाला फळ्याखाली बसून ढोलकीला ताण द्यायचा, कान लावून ठोके बघायचा. मावशीचं काम करणारा कलाकार खिडकीच्या उजेडात दाढी गुळगुळीत करून घ्यायचा. अशा माणसाला त्याच्या स्वतःच्या गावात पोरं दगड मारायची, हे त्यानंच मला सांगितलं होतं. फडात त्याला मान होता, पगार होता आणि बोर्डावर त्याच्या नावाची टाळी होती. गावानं ज्यांना ज्यांना चिडवून बाहेर काढलं त्यातली कितीतरी माणसं फडांनी पोटाशी धरली, आणि ते करताना कुणी उपकाराची भाषा केली नाही.

एका वर्षी फडातली सहा-सात वर्षांची मुलगी माझ्या वर्गात भिंतीवरचा तक्ता वाचत बसली होती. अक्षरं सगळी येत होती. शाळेत जातेस का, विचारलं, तर म्हणाली, "दिवाळीपर्यंत जाते. मग गाडीत." दसऱ्याला पूर्णवेळ फड बाहेर पडतात आणि बुद्धपौर्णिमेपर्यंत फिरतात. दिवाळीनंतर आजीनं पोर सांभाळलं तर शाळा, नाहीतर गाडी. मी तिला त्या सकाळी पाढे म्हणायला लावले. सात सक्कं बेचाळीसला ती अडली, मग आईनं हाक मारली आणि ती घुंगरांची पेटी उचलायला गेली. अशी मुलं दरवर्षी माझ्या शाळेत एक रात्र राहायची आणि माझ्या हजेरीपटात त्यांचं नाव कधीच नसायचं. हे बदलायला हवं असं मी वरच्या कचेरीत बोललो, लिहिलंही. हंगामी स्थलांतरासाठी ऊसतोड कामगारांच्या मुलांचा विचार होतो, साखरशाळा झाल्या. फडातल्या मुलांचा मुक्काम रोज वेगळा, म्हणून ती कोणत्याच रकान्यात बसत नाहीत, असं उत्तर आलं.

गेल्या पंचवीस वर्षांत राहुटीतलं बोलणं बदलत गेलं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर कर्णे बंद झाले, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो नियम घट्ट केला. वर्षातून मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट, तीही मिळाली तर. तमाशा दहाला सुरू व्हायचा, पहाटे संपायचा. आता कमिटी विचारते, "बाराच्या आत वग बसतो का?" बसवतात. गण आणि गौळण उरकतात, बतावणी कापतात, वगाचा तुकडा करतात. शांत झोपेचा हक्क मला मान्य आहे. पण पाच तासांचा खेळ दोन तासांत कोंबला की आधी जातो तो वग, उरतो तो नाच, आणि मग गाव म्हणतं की तमाशात नाचाशिवाय काय असतं! लोकसभेच्या निवडणुका ऐन चैत्रात येतात, त्या वर्षी परवानगीसाठी पोलीस ठाण्यात हेलपाटे. २०१४ ला बैलगाडा शर्यती बंद झाल्या तेव्हा आमच्याकडच्या जत्रांची गर्दीच ओसरली आणि वर्गणी आटली. २०२१ च्या डिसेंबरात शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा मात्र बराच पैसा गाड्यांच्या बक्षिसांकडे वळला. वर डीजे आणि नुसत्या नाचगाण्याचे शो आहेतच.

आणि मधली दोन वर्षं. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता. टाळेबंदी सुरू झाली ती नेमक्या त्याच दिवशी. राहुट्या पडलेल्या, वह्या आखलेल्या, काही गावांचे इसारही आलेले. फड जिथे होते तिथून घरी परतले. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला, आणि दुसऱ्याच दिवसापासून पुन्हा कडक निर्बंध. दोन सबंध हंगाम गेले. त्याच वर्षी, २०२१ च्या मे महिन्यात कांताबाई सातारकर कोरोनानं गेल्या. कुणी ट्रक विकले, कुणी तंबूचं कापड विकलं. ओळखीचा एक ढोलकीवाला टोमॅटोच्या क्रेट उचलताना मला मार्केट यार्डात भेटला. त्याच्या बोटांना ती सवय नव्हती, टोकं फुटली होती.

२०२२ ला पाडव्याच्या तोंडावर निर्बंध उठले. आमची कमिटी निघाली, मला घेऊन. या वेळी जीपमध्ये सरपंचबाईही होत्या, ही नवी गोष्ट. राहुटीत नेहमीप्रमाणे अष्टमी-नवमी झाली, रक्कम ठरली, कार्बन घालून मॅनेजर लिहायला बसला. मागच्या गादीवर फडातल्या एक जुन्या नाचणाऱ्या बसल्या होत्या, आता वगात आईची कामं करणाऱ्या. त्या सरपंचबाईंना म्हणाल्या, "ताई, पैशाचं ही माणसं बघतील. आमच्या पोरींना आंघोळीला आडोसा द्या. उसात जावं लागतं, आणि गावातली टगी पोरं मागं येतात." राहुटी गप्प झाली. कमिटीतले एक जण म्हणाले, ते बघू, गाव आपलंच आहे. सरपंचबाई म्हणाल्या, "बघू नाही. गुरुजी, लिहा कागदावर." मी लिहिलं: महिला कलाकारांसाठी बंद स्नानगृह आणि शौचालय, रात्री उजेड, आणि मुक्कामाच्या जागी गावच्या दोन महिलांची देखरेख. खाली सरपंचबाईंची सही झाली. शाळेच्या मागच्या शौचालयाला त्या वर्षी जत्रेच्या आधी नवीन दारं बसली. दारं अजून आहेत, आता मुलींनाही उपयोगी पडतात.

गावाच्या आणि फडाच्या मधला कागद असा सुधारतो आहे, ओळीओळीनं, कारण तो दोघांच्या हातात असतो. फडाच्या आतला कागद तसा नाही. हंगाम सुरू होण्याआधी कलाकार मालकाकडून उचल घेतात, आजारपणाला, लग्नाला, घराच्या पत्र्याला. ती फेडेपर्यंत फड सोडता येत नाही. हंगाम बुडाला की उचल तशीच पुढच्या वर्षावर जाते आणि तिच्यावर नवी चढते. मालकही सावकाराकडून आणूनच देतो, त्याचं दुःख वेगळं. पण त्या उचलीला कार्बन नसतो. मी बसलो त्या राहुट्यांमध्ये तिथीची वही टेबलावर उघडी असायची आणि उचलीची वही मालकाच्या पेटीत. कलाकाराकडे तिची नक्कल कधी पाहिली नाही. गेल्या पाडव्याला मी एका मॅनेजरला विचारलं, गावाला देता तशी दुसरी प्रत तुमच्या माणसांना का देत नाही? तो म्हणाला, "मागितली नाही कुणी, गुरुजी." मग थांबून म्हणाला, मालकांना विचारून बघतो.